स्क्रीनवरचा हिरवा ठिपका

अनेक आशीर्वाद.

शहराच्या वाहतूक विभागात रुजू होतोयस हे वाचून फार बरं वाटलं. पत्रात तू सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता, डिजिटल ट्विन (म्हणजे शहराची संगणकातली हुबेहूब प्रतिकृती) अशी लांबलचक यादी दिली आहेस आणि यातलं आधी काय शिकू, असं विचारलं आहेस. यादी जरा बाजूला ठेव. आधी एका सिग्नलची गोष्ट ऐक.

नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे एक चौक होता. मोठा रस्ता आणि त्याला येऊन मिळणारी एक गल्ली. गल्लीच्या तोंडाशी डांबरात तारेचं वेटोळं पुरलेलं. त्यावर गाडी उभी राहिली की तारेतलं इंडक्टन्स, म्हणजे तिचा एक विद्युत गुणधर्म, बदलतो, कुणीतरी थांबलंय हे सिग्नलला कळतं आणि तो गल्लीला हिरवा देतो. कुणी नसेल तर मोठा रस्ता वाहता राहतो. एकदा कुणीतरी केबल टाकायला चर खणला आणि वेटोळं तुटलं. तार तुटली की सिग्नल सावध बाजू घेतो. गाडी उभी आहेच असं धरून चालतो, कारण खरंच कुणी असेल तर ते अडकून पडायला नको. झालं! रात्री दोन वाजता रिकाम्या गल्लीला दर फेरीला हिरवा आणि मोठ्या रस्त्यावर ट्रक खोळंबलेले. नियंत्रण कक्षातल्या स्क्रीनवर मात्र त्या चौकापुढे हिरवा ठिपका. यंत्र चालू होतं ना! आठ महिने हे असंच चाललं. शेवटी एका ट्रकचालकाने फोन केला, शिव्यांसकट. तोवर मी रोज तो ठिपका बघून खूश होते.

तुझ्याकडे जे विक्रेते येतील ते तुला असाच ठिपका विकतील, फक्त जास्त देखणा. रहदारी मोजून स्वतःच वेळा बदलणारे सिग्नल काल-परवाचे नाहीत. सिडनीत ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्कूट’ या प्रणाली १९७० च्या दशकातच तयार झाल्या. डांबराखालची तार शाबूत आहे का, हे कोण बघतं, किती दिवसांनी बघतं, आणि रस्ता खणणाऱ्याने आपल्याला कळवायचं असं कंत्राटात लिहिलंय का, हे विचार. घोडं पेंड खातं ते इथे. कॅमेरे आले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसतेच.

आता बसकडे येऊ, कारण तुझा खरा कस तिथे लागणार आहे. समज, वेळापत्रकात दर दहा मिनिटांनी बस आहे. एका बसला थोडा उशीर झाला की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमतात. ती चढेपर्यंत उशीर आणखी वाढतो. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. मग वीस मिनिटं शुकशुकाट आणि एकदम दोन बस, पहिली खचाखच, दुसरी रिकामी. बस तेवढ्याच, चालक तेवढेच, इंधन तेवढंच; पण प्रवाशाला सरासरी पाच मिनिटं थांबावं लागायचं तिथे दहा लागायला लागली. न्यूवेल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ सालीच याचं गणित मांडलं होतं. कोणती बस कुठे आहे हे क्षणोक्षणी कळणं, एवढंच तेव्हा हातात नव्हतं. जीपीएसने ते दिलं. आता मागच्या बसला एखाद्या थांब्यावर दोन मिनिटं रोखून धरलं की अंतर पुन्हा सावरता येतं. आत बसलेले कुरकुरतात, पण पुढच्या थांब्यांवरच्या कितीतरी जणांचं ताटकळणं वाचतं.

मग हे सगळीकडे का होत नाही? कारण बहुतेक ठिकाणी हिशोब फेऱ्यांचा असतो. जोडीने धावलेल्या दोन्ही बस फेरी पूर्ण करतात, म्हणून अहवालात शंभर टक्के. पुन्हा हिरवा ठिपका. तुझ्या हाती अधिकार आला की पहिल्यांदा दोन बसमधलं अंतर मोजायला लाव.

आणि सगळंच तिकिटाच्या चिपवाल्या कार्डाने होतं असंही नाही. कुरितिबा या ब्राझीलमधल्या शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारले. तिकीट थांब्यावरच काढायचं, थांब्याची फरशी आणि बसची फरशी एका पातळीत, सगळ्या दारांनी एकदम चढ-उतार. दाराशी वेळ जात नाही, म्हणून बस रेंगाळत नाही. कार्डाचाही मोठा फायदा तोच, दाराशी वाचणारे सेकंद. माझं सगळ्यात आवडतं तंत्रज्ञान तर याहून साधं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या बससेवेने आपलं वेळापत्रक गूगलला दिलं, तेही साध्या मजकुराच्या फाइलींत: एकीत थांबे, एकीत मार्ग, एकीत वेळा. त्यातून जीटीएफएस नावाचा, वेळापत्रकाच्या फाइली कशा लिहायच्या याचा, कुणालाही वापरता येणारा नमुना निघाला. आज तू फोनवर बस शोधतोस तेव्हा बहुधा त्याच ढंगाच्या फाइली वाचल्या जातात.

पुलांबद्दल थोडंच सांगते, तो तुझा विभाग नाही. अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये २००७ साली महामार्गाचा एक पूल नदीत कोसळला, १३ माणसं गेली. सांध्यांवरच्या जोडपट्ट्या मुळातच हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. कोसळण्याच्या कित्येक वर्षं आधीच्या फोटोंत त्यातल्या काही पट्ट्या वाकलेल्या दिसतात. नव्या पुलात ३०० हून अधिक सेन्सर बसवले आहेत, चांगलंच आहे. पण मला आठवतात ते फोटो. माहिती होती, कुणी तिच्याकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एक काम कर. संध्याकाळच्या गर्दीत एखाद्या थांब्यावर तासभर वही घेऊन उभा राहा. प्रत्येक बस आली ती वेळ लिही, किती जण चढले, किती मागे राहिले तेही. फोनचं ॲप उघडू नकोस. दुसऱ्या दिवशी त्याच तासाची नियंत्रण कक्षातली नोंद काढून शेजारी ठेव. दोन्ही कागदांचे फोटो मला पाठव, आणि सोबत पावसाळी छत्री ने; थांब्याला छत असेलच असं नाही.