ओल धरलेली जुनी कॅरॅव्हॅन: दुरुस्त करून विकावी की आहे तशी?

प्रश्न: आमची कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, बरीच जुनी आहे, आम्हीही ती वापरलेलीच घेतली होती. मुलांचं लहानपण तिच्यात गेलं, पण आता मुलं मोठी झाली आणि दोन वर्षांत ती जागेवरून हललेली नाही. बाहेरचा रंग विटलाय, एका बाजूला ओरखडे आहेत, गाद्यांच्या कव्हरांचा रंग उडालाय. खरी काळजी ओलीची आहे. तपासणीत खिडकीखाली १७ टक्के आणि पुढच्या कोपऱ्यात २८ टक्के ओल निघाली. दाराजवळची आतली जमीनही पाय टाकला की दबते. दुरुस्तीचा अंदाज घेतला तर त्यासाठी कर्ज काढावं लागेल, आणि एक वैयक्तिक कर्ज आधीच चालू आहे. व्यापारी फारच कमी देतोय. गेल्या वर्षी टायर आणि बॅटरी नवी टाकली, तो खर्च वाया जाईल असं वाटतं. दुरुस्त करून चांगल्या किमतीला विकावी का?

उत्तर: माझं मत आधीच सांगतो. कर्ज काढून दुरुस्ती करू नका. पाणी आत येणं थांबवा, गाडी स्वच्छ करा, दोष लपवू नका आणि आहे त्या स्थितीत लवकर विका.

तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून हिशेब मांडतो. तुमच्यासारखीच पण कोरडी कॅरॅव्हॅन ज्या किमतीला प्रत्यक्ष विकली जाते, ती किंमत १०० धरू. जाहिरातीतला आकडा इथे धरायचा नाही, तो मागितलेला असतो, मिळालेला नसतो. या मापाने दुरुस्तीचा अंदाज ४० च्या आसपास येतो आणि व्यापाऱ्याची ऑफर ३५ येते. आहे तशी, सगळं सांगून, थेट गिऱ्हाइकाला विकली तर ५० च्या आसपास मिळावेत असं मला वाटतं.

दुरुस्तीनंतर १०० मिळतील का? नाही. ओलीची दुरुस्ती झालेली गाडी म्हटलं की गिऱ्हाईक हात आखडतं, रंगही विटलेलाच राहणार. ९० मिळाले तर फार झालं. त्यातून ४० गेले की उरतात ५०, म्हणजे काहीही न करता मिळणार होते तेवढेच. वर कर्जाचं व्याज, वर्कशॉपमधला वेळ आणि तोवरचं जागेचं भाडं नि विमा आहेच. आता वर्कशॉपचा अंदाज पाव पटीने चुकला असं समजा. खर्च ५० झाला आणि किंमत ८५ मिळाली, तर हातात ३५ येतात. व्यापारी आज तेवढेच देतोय.

आणि अंदाज चुकण्याची शक्यता खरंच मोठी आहे, म्हणून इथे जरा थांबतो. जुन्या कॅरॅव्हॅनची भिंत बहुतेकदा थरांची असते: बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांची चौकट आणि फोम, आत पातळ प्लायवुडवर चिकटवलेला कागद. पाणी शिरतं ते सांध्यांतून. कोपऱ्यावरच्या पट्टीखालचा पुट्टीसारखा मऊ मसाला वर्षांनुवर्षं उन्हाने वाळतो, आकसतो. पट्टीचे स्क्रू गंजतात आणि पाणी स्क्रूच्या कडेने थेट लाकडात उतरतं. खिडकीचं रबर कडक झालं की तिथेही तेच. आतल्या कागदावर सुरकुती दिसते किंवा अंगठ्याने दाबल्यावर भिंत लिबलिबते, तेव्हा आतलं लाकूड बराच काळ भिजत असतं. ते किती कुजलंय, हे प्लाय उचकटल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. वर्कशॉपवाला लबाड आहे म्हणून बिल वाढत नाही, आत खरंच जास्त निघतं म्हणून वाढतं.

तुमच्या दोन आकड्यांचा अर्थही वेगवेगळा आहे. या तपासणीत साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नसते, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर गेलं की पाणी कुठून येतंय ते शोधायलाच हवं, आणि ३० च्या पुढे चौकट खराब झाली असं धरून चालतात. लाकूड २० टक्क्यांच्या वर सतत ओलं राहिलं तर कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. तेव्हा खिडकीखालचे १७ टक्के नुसत्या बंद हवेचेही असू शकतात. कोपऱ्यातले २८ टक्के मात्र थांबणार नाहीत. प्रत्येक पावसाबरोबर ते पुढे सरकतील आणि तुमचे ५० हळूहळू ४० होतील. घाई करायला सांगतोय ती यासाठी.

टायर आणि बॅटरीचा खर्च मनाला खाऊ देऊ नका. तो पैसा गेलेला आहे, दुरुस्ती केली तरी परत येत नाही आणि न केली तरी येत नाही. मात्र विकताना त्यांचा उपयोग करून घ्या. कॅरॅव्हॅनचे टायर झिजण्याआधी वयाने बाद होतात, हे जाणकार गिऱ्हाइकाला माहीत असतं. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते: २४२३ म्हणजे २०२३ सालचा २४ वा आठवडा. तिचा जवळून फोटो जाहिरातीत टाका. गाडी ओढून घरी नेता येईल हा भरवसा स्वतः दुरुस्त करायला म्हणून गाडी घेणाऱ्याला फार मोलाचा वाटतो.

खर्च कुठे करायचा? थोडाच, आणि ठरावीक ठिकाणी. गळका सांधा वरवर का होईना नीट बंद करून घ्या. जुना मसाला खरवडून नवा भरायचा, त्याच्यावर सिलिकॉन फासायचं नाही. सिलिकॉनखाली पाणी अडकून राहतं आणि पुढच्या माणसाचं काम वाढतं. बाहेरून धुऊन हिरवट शेवाळं आणि खिडक्यांखालचे काळे ओघळ काढा, पडदे धुवा, गाद्या उन्हात टाका, कपाटं उघडी ठेवून हवा खेळती ठेवा. ओरखड्यांवर रंग आणि नवी कव्हरं यांवर काही खर्च करू नका, तो किमतीत भरून निघत नाही. डागावर नवा कागद तर मुळीच चिकटवू नका आणि सुगंधी फवारेही मारू नका. ओलीचा कुबट वास ओळखणारा माणूस वास झाकलेला पाहिला की लगेच परत फिरतो.

तपासणीचा लेखी अहवाल गिऱ्हाइकाला आपणहून दाखवा. जाहिरातीत ओल कुठे, किती टक्के, जमीन कुठे दबते, सगळं फोटोसकट लिहा. पावतीवरही तेच लिहून दोघांच्या सह्या घ्या. ‘आहे त्या स्थितीत’ एवढे शब्द लिहिले की जबाबदारी संपली, असं समजू नका. माहीत असलेला दोष विचारल्यावर नाकारणं ही फसवणूक आहे, त्यातून पैसे परत करायची वेळ येऊ शकते. शिवाय खरं सांगितल्यावर तुमच्याकडे नेमकी हवी ती माणसं येतात: स्वतः सुतारकाम करणारे, किंवा एका जागी उभी करून खोलीसारखी वापरू पाहणारे.

सुटे भाग काढून विकण्याचा मार्गही काहींना खुणावतो. बंद पडलेल्या मॉडेलच्या खिडक्या, फ्रिज, हीटर, दारं यांना मागणी असते. पण ते महिनोन्‌महिने चालतं आणि उरलेला सांगाडा हलवायचा खर्च तुमच्याच गळ्यात पडतो. जागा आणि वेळ दोन्ही हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.

माझं उत्तर दोनच परिस्थितींत बदलेल. एक, तुम्ही ही गाडी पुढची पाच-सहा वर्षं स्वतः वापरणार असाल. मग दुरुस्ती हा वापराचा खर्च ठरतो, विक्रीचा नाही, आणि तोही साठवलेल्या पैशातून करावा. दोन, कुणी भिंत उघडून पाहून ३० च्या आत पक्की रक्कम लिहून देत असेल. तुमच्या पत्रावरून या दोन्हींतलं काही दिसत नाही.

मुलांचं लहानपण या गाडीत गेलंय, असंही तुम्ही लिहिलंय. ते वाचलं, आणि निर्णय जड जाणार हे समजतं. म्हणूनच किमतीचे टप्पे आत्ताच घरात बसून ठरवा, गिऱ्हाईक समोर असताना नको. व्यापाऱ्याकडून ३५ ची ऑफर मुदतीसह लेखी घ्या. सहलींचा हंगाम सुरू होण्याआधी ५८ ला जाहिरात द्या, ५० ला सोडा. महिनाभरात कुणी आलं नाही तर ४५ करा. व्यापाऱ्याची मुदत संपायच्या आदल्या आठवड्यातही गाडी दारात असेल तर त्याला द्या. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय चावी आणि कागद देऊ नका, आणि आलेली रक्कम त्याच आठवड्यात चालू कर्जात भरा. मुदतीआधी फेडण्याचा दंड किती आहे, तेवढं बँकेला आधी विचारून ठेवा.