वाचक विचारतात: पॉलिमर तेच, बाटली नवी, मग सेल का बिघडला?

प्रश्न: मॅडम, मी ऑरगॅनिक सोलर सेलवर, म्हणजे सिलिकॉनऐवजी कार्बनी मटेरियलच्या सेलवर, पीएच.डी. करतेय. त्यातला प्रकाश शोषणारा पॉलिमर, पी३एचटी, एका छोट्या कंपनीकडून घेते. पहिली बाटली संपत आली म्हणून दुसरी मागवली, कॅटलॉग नंबर तोच, रेसिपी तीच, पण एफिशियन्सी ३ टक्क्यांवरून दीडवर आलीय. गाईड म्हणतात तुझा हात चुकतोय. मला वाटतं कंपनीने फसवलं. नक्की काय?

उत्तर: आधी भांडण मिटवणारं काम कर. जुन्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर जे उरलं असेल त्याचे सेल आणि नव्या बाटलीचे सेल एकाच दिवशी, एकाच लॉटच्या काचांवर बनव. जुन्याला ३ आले की तुझ्या हाताचा विषय संपला, आणि गाईडना दाखवायला आकडाही मिळाला.

आता फसवणुकीचं. बहुतेक वेळा तसं नसतं गं. पॉलिमर म्हणजे मीठ नाही की कुठल्याही बरणीतलं सारखंच निघेल. पॉलिमर म्हणजे रेणूंच्या लांब साखळ्या; पी३एचटीच्या साखळ्या लांब-आखूड असतात आणि प्रत्येक बॅचमध्ये ती सरासरी सरकते, शिवाय साखळीला जी छोटी शेपटं असतात ती सगळी एकाच तऱ्हेने लागली तर साखळ्या एकमेकींना चिकटून नीट रचल्या जातात आणि करंट वाहतो, मधेच काही उलटी लागली की रचना मोडते. साखळ्या फार आखूड असल्या तर फिल्म कच्ची राहते, फार लांब असल्या तर सोल्युशन थंड होताच जेलीसारखं घट्ट होतं. वर बनवताना वापरलेल्या निकेलचा अंश राहिला तर तोही सेलच्या आत करंट खातो.

एक गोष्ट डोळ्यांनी बघ. पीसीबीएमबरोबर (सेलमधलं इलेक्ट्रॉन घेणारं जोडीदार मटेरियल) मिसळून लावलेली फिल्म आधी नारिंगी-लालसर दिसते आणि हॉटप्लेटवर ठेवली की चांगलं मटेरियल बघता बघता जांभळं पडतं. नव्या बाटलीची फिल्म तापवूनही नारिंगीच राहिली तर साखळ्या रचल्या जात नाहीयेत, सरळ आहे.

मग कंपनीला मेल कर, तक्रारीचा नको, चौकशीचा. दोन्ही बाटल्यांचे बॅच नंबर दे आणि दोन्ही बॅचचा मॉलिक्युलर वेट (म्हणजे साखळ्यांची लांबी), शेपटांची रचना किती टक्के नीट आहे तो आकडा आणि धातूचा अंश माग. छोटी कंपनी असण्याचा हाच फायदा, मेल वाचणारा माणूस बऱ्याचदा तोच असतो ज्याने ती पावडर धुऊन वाळवलीय. चांगला असेल तर तो जुन्या बॅचशी जुळणारी बाटली शोधून देईल. आकडे द्यायलाच टाळाटाळ केली तर मात्र पुढची ऑर्डर दुसरीकडे दे. आणि यापुढे वहीत तारखेशेजारी बॅच नंबर लिहायचाच, थीसिसमध्येसुद्धा.

प्रश्न: आम्ही दोघं मित्र केमिस्ट्रीवाले. प्रिंटेड इलेक्ट्रॉनिक्स (शाईने छापलेली सर्किट) आणि सोलर सेलसाठी स्पेशल मटेरियल पुरवणारी छोटी कंपनी काढायचा विचार आहे. एवढीशी पावडर एवढी महाग विकली जाते, मार्जिन भरपूर असणार ना?

उत्तर: हिशोब करू. सेलमधला थर साधारण १०० नॅनोमीटरचा. म्हणजे काहीही वाया न घालवता पसरलं तर १ ग्रॅम पॉलिमर जवळपास ९ चौरस मीटरला पुरतं. गिऱ्हाईक मुळातच थोडं घेणार. लॅबवाले स्पिन कोटिंग करतात, म्हणजे काच गरगर फिरवून थर पसरवतात, त्यात बहुतेक शाई (पॉलिमरचं सोल्युशन) काचेवरून उडून जाते म्हणून ते जरा जास्त घेतात एवढंच. त्यामुळे ती किंमत पावडरीची नसते, सहा-सात स्टेप्सची, प्रत्येक स्टेपला घटत जाणाऱ्या मालाची आणि पुन्हा पुन्हा शुद्ध करण्याची असते.

तुमचा खरा माल म्हणजे सारखेपणा. म्हणून दोनशे नावांचा कॅटलॉग काढू नका, तीन-चार मटेरियल घ्या आणि प्रत्येक बॅचचा स्वतः सेल बनवून बघा, मगच बाटलीत भरा. १०० मिलिग्रॅमच्या फ्लास्कमध्ये जमलेलं १०० ग्रॅमला तसंच जमत नाही, उष्णता बाहेर पडत नाही, ढवळणं पुरत नाही, साखळ्यांची लांबी बदलते.

पॅकिंगला दुय्यम समजू नका, कळकळीने सांगते. आमच्याकडे एकदा पेडॉट-पीएसएसची (करंट वाहून नेणाऱ्या पॉलिमरची पाण्यातली शाई) बाटली वाटेत गोठून आली. दिसायला तीच गडद निळी शाई, पण सिरिंजला फिल्टर लावून दाबलं तर दोन थेंब पडले आणि फिल्टर चोक. गोठलं की त्यातले कण एकत्र गोळा होतात ते परत सुटत नाहीत. आमचा अख्खा आठवडा गेला. बाटलीवर 'गोठवू नये' लिहिलेलं होतं, खोक्यावर नव्हतं.

आणि एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबू नका. प्लेक्सट्रॉनिक्स २००२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या कामातून उभी राहिली, असल्याच कंडक्टिंग पॉलिमरच्या शाया करायची. प्रिंटेड सोलर बनवणारी कोनार्का २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०१४ मध्ये प्लेक्सट्रॉनिक्सवरही तीच वेळ आली, मग सोल्व्हे या मोठ्या केमिकल कंपनीने तिला घेतलं. दोन्हीकडे माणसं हुशार होती, पण बाजार यायला वेळ लागला. तुमच्याकडे सेन्सरवाले, डिस्प्लेवाले असेही गिऱ्हाईक असू द्या.

प्रश्न: सर्किट छापायच्या शाईत चांदीच का? तांबं स्वस्त आहे की.

उत्तर: तांबं हवेत गंजतं आणि त्याचा ऑक्साइड करंट जाऊ देत नाही, बारीक कणांचं तर लगेच होतं. चांदीचं तसं नाही. चांदी एरवी ९६१ अंशांना वितळते पण नॅनो कण १५० अंशांच्या आसपासच एकमेकांना जुळून जातात, म्हणून प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापता येतं. तांब्याच्या शायाही आहेत, त्या प्रकाशाच्या क्षणभराच्या जोरदार फ्लॅशने जुळवतात, हवेला संधीच मिळत नाही. तुमच्याकडे तो फ्लॅश लॅम्प नसेल तर चांदीच घ्या.