कयाकिंग क्लबच्या वार्षिक नदी-शिबिराला नवख्याने जावं का? काय लक्षात ठेवावं?

जरूर जा. नाव नोंदवतानाच आयोजकांना मोकळेपणाने सांगा की आजवर कसं पाणी उतरला आहात आणि कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) उलटली तर स्वतःहून बाहेर पडता येतं का. खळाळत्या पाण्याच्या १ ते ६ अशा श्रेणी असतात. पहिल्या वेळी १-२ पुरे. पाऊस झाला किंवा धरणातून पाणी सोडलं की तीच नदी अवघड होते, म्हणून त्या सकाळची पातळी विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेगाच्या प्रवाहात पडलात तर उभं राहू नका! पाय दगडांच्या फटीत अडकला की पाणी माणसाला खाली दाबतं, अगदी कमरेएवढ्या पाण्यातही. उताणे व्हा, पाय वर उचलून प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि संथ पाणी दिसलं की तिकडे पोहत जा. आडव्या पडलेल्या झाडापासून लांबच राहा. फांद्यांमधून पाणी निघून जातं, माणूस अडकतो.

कपडे हवेप्रमाणे नव्हे, पाण्याच्या गारव्याप्रमाणे घाला. हेल्मेट, लाइफ जॅकेट हवंच. एक कोरडा जोड तंबूत ठेवा. संध्याकाळी जुन्या मंडळींजवळ बसा, त्यांना नदीबद्दल विचारा. ती मनापासून सांगतात.