भरीत पार्टी आणि दाण्यांची ॲलर्जी

भाऊ, भरीत पार्टीत, म्हणजे वर्गणी काढून सगळे मिळून वांग्याचं भरीत खातात तिथे, दाण्यांची ॲलर्जी आहे हे सगळ्यांसमोर सांगायची धास्ती वाटते ना? मग सगळ्यांसमोर सांगूच नकोस. वर्गणी गोळा करणाऱ्याला दोन दिवस आधी मेसेज टाक: "मला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दाणे घालण्याआधी माझं भरीत वेगळ्या भांड्यात काढाल का?" बस. माफी मागायची नाही, आजाराचा इतिहास सांगायचा नाही.

या चुका नवीन माणूस हमखास करतो:

- दाणे वेचून भरीत खाणं. संकोचापायी मीही एकदा तेच केलं. दोन घासांत ओठ सुजले, घसा आवळला. हे कधीच करू नकोस.
- फोडणीचं तेल शेंगदाण्याचं आहे का, हे न विचारणं. ठेच्यात दाणे आहेत का, तेही विचार.

आग्रह झालाच तर "डॉक्टरांनी मनाई केलीय" म्हण आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कांद्याबरोबर खात बस. पहिल्या पार्टीला घरचा डबा नेलास तरी चालेल.