कामांच्या याद्या करूनही डोकं शांत का होत नाही? कोणतं ॲप वापरावं?

तुम्ही लिहिलंय की रोज डोंबिवलीहून परळला नोकरीला जाता. ऑफिसचं, घरचं, आई-वडिलांच्या दवाखान्याचं सगळं तीन ॲपमध्ये टिपलेलं असतं, तरी रात्री पाठ टेकली की काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं. माझं स्पष्ट मत सांगते: चौथं ॲप घेऊ नका. तीनातली दोन काढून टाका आणि उरलेल्या यादीतली वाक्यं बदला.

मी फोर्टमध्ये एका सीएच्या ऑफिसात काम करते. ७ तारखेला टीडीएस म्हणजे कापलेला कर भरायचा, ११ला जीएसटीआर-१ आणि २०ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. गठ्ठा कितीही मोठा असो, ही कामं माझ्याबरोबर घरी येत नाहीत, कारण कोणतं कधी करायचं ते ठरलेलं असतं. छळतात ती बिनतारखेची, अर्धवट ठरलेली कामं. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. राहून गेलेलं काम दुसरं काही वाचताना मध्येच आठवत राहतं. पण ते कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत लिहून काढला की हे आठवणं कमी होतं. काम झालेलं नसलं तरीही!

आता यादीकडे वळू. 'आईचा चष्मा' असं लिहिलं असेल, तर ते वाचून काय करायचं हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं आणि आपण पुढच्या ओळीवर जातो. त्याऐवजी लिहा: 'बुधवारी जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाल्याला फोन, जुन्या नंबरचा कागद चालेल का विचारणे.' 'बँक' असं नुसतं लिहू नका. 'केवायसीसाठी आधार-पॅनच्या झेरॉक्स काढून बॅगेत ठेवणे, पहिल्या शनिवारी जाणे' असं लिहा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते हे लिहितानाच लक्षात आलं, तर फुकटची खेप वाचते.

दुसऱ्यांकडे अडकलेल्या गोष्टींचं पान वेगळं ठेवा: सोसायटीकडून एनओसी, भावाकडून वडिलांचे रिपोर्ट, साहेबांची सही. प्रत्येकापुढे पुन्हा कधी विचारायचं ती तारीख टाका. माझं निम्मं ओझं या पानाने उतरलं.

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये 'वेळेचा सदुपयोग' करा असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. उभ्याने, घामाघूम, एका हातात कडी आणि पोटाशी बॅग धरून कसलं नियोजन होणार? तेवढा वेळ तरी मनाला मोकळा सोडा. संध्याकाळी परळहूनच सुटणारी लोकल मिळाली, अगदी तिघांच्या बाकावर टेकण्यापुरती चौथी सीट का होईना, तर शुक्रवारी त्या प्रवासात पूर्ण यादी एकदा वाचा. जे करायचंच नाही ते खोडा, पुढच्या आठवड्याच्या तारखा घाला. ही आठवड्याची उजळणी चुकली की यादीवरचा विश्वास उडतो आणि मन पुन्हा सगळं स्वतःच धरून ठेवायला लागतं, म्हणून एक वेळ बाकी सगळं सोडा, पण ही सोडू नका.

आणि तारखा घालताना आठवड्यात जागाच उरत नसेल, तर दोष तुमच्या शिस्तीचा नाही, कामच माणसाच्या मानाने जास्त आहे. ती यादी साहेबांपुढे ठेवून यातलं आधी कोणतं करू, असं विचारा. घरीही भावंडांशी हेच बोला. आई-वडिलांचा दवाखाना एकट्याने ओढायचा नसतो.

झोप कित्येक आठवडे लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र याद्यांच्या नादात थांबू नका. केईएम रुग्णालयाची मनोविकार ओपीडी तुमच्या परळमध्येच आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो, तिथे मराठीतून बोलता येतं.