गॅरेज घरातच आहे, मग कॉलेजात काय शिकायचं?

फलटणहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वहीच्या कागदावर लिहिलेली चार पानं, फोटो काढून पाठवलेली. मजकूर थोडक्यात असा: यजमानांचं पालखी मार्गावर बावीस वर्षांपासून चारचाकीचं गॅरेज आहे. मुलगा यंदा दहावी झाला, ७४ टक्के. गणित ठीक, विज्ञान बरं. सुट्टीभर तो वडिलांच्या हाताखाली होता आणि आता त्याला ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करायचाय. वडील म्हणतात, ‘पेट्रोल-डिझेलच्या गाड्या संपल्यात जमा. बॅटरीच्या गाडीत दुरुस्त करायला असतंच काय? माझ्यानंतर या धंद्यात कुणी नको.’ पुण्याचे मामा म्हणतात, कॉम्प्युटर घे. तेवढ्यात पुण्यातल्या एका क्लासचा फोन आलाय: तीन महिन्यांचा ईव्ही (विजेवरच्या गाड्यांचा) कोर्स, फी ८५ हजार, नोकरीची शंभर टक्के हमी. ताई विचारतात, ‘पाटल्या मोडून फी भरू का?’

ताई, पाटल्या मोडू नका.

तो क्लास चांगला की वाईट हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण ज्याने अजून ओहमचा नियम हाताने वापरलेला नाही, अशा सोळा वर्षांच्या मुलाला तीन महिन्यांत पडद्यावर चित्रं दाखवण्यापलीकडे कुणी काही देऊ शकत नाही. पुढे कधी असा कोर्स करायची वेळ आलीच, तर आधी तिथे जाऊन बघा. खरा बॅटरी पॅक उघडायला मिळतो का? एका पॅकभोवती किती मुलं उभी असतात? मागच्या बॅचमधल्या तीन मुलांचे फोन नंबर देतात का? ‘हमी’ लेखी द्या म्हटलं की बऱ्याच ठिकाणी सूर बदलतो. असाच कोर्स केलेला एक मुलगा गेल्या वर्षी माझ्याकडे आला होता. नोकरी मिळाली होती त्याला, ई-स्कूटरच्या शोरूममध्ये गाड्या पुसायची.

आता तुमच्या यजमानांशी बोलतो. दादा, तुमची भीती अर्धी खरी आहे. बॅटरीच्या गाडीत इंजिन ऑइल नाही, ऑइल फिल्टर नाही, क्लच नाही, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही. गॅरेजचा रोजचा गल्ला ज्यावर चालतो, ती कामं जातात. ब्रेक पॅडसुद्धा जास्त टिकतात, कारण वेग कमी करायचं बरंच काम मोटरच करते आणि करता करता बॅटरीत वीज भरते. पण सस्पेन्शन, एसी, स्टिअरिंग, बॉडीचं काम राहतं. बॅटरीमुळे गाडी जड होते, त्यामुळे टायरचं काम उलट वाढतं. आणि गाडी ‘चालूच होत नाही’ म्हणून ओढत आणली, तर अनेकदा दोष त्या महागड्या पॅकचा नसतो, साध्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा असतो. ती बसली की मोठ्या पॅकचा कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याची वीज गाडीला जोडणारा स्विच, ओढलाच जात नाही. हे मीटर लावून दहा मिनिटांत ओळखणारा माणूस फलटणला हवा की नको?

आणि संपल्यात जमा म्हणजे कधी? साधा हिशोब करा. पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०२५ साली विकलेली गाडी २०४० पर्यंत रस्त्यावर राहू शकते, पुढे नूतनीकरण झालं तर आणखी. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यात बॅटरीवरच्या शंभरात दोन-तीन होत्या, सीएनजीच्या मात्र साधारण पाचात एक. शिवाय नव्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला कंपन्या बहुधा आठ वर्षांची वॉरंटी देतात, त्यामुळे त्या गाड्या सुरुवातीची वर्षं कंपनीच्याच दारात जाणार. तुमच्या दारात त्या येतील तेव्हा तुमचा मुलगा पंचविशीच्या आसपास असेल. त्याच्या तयारीला तेवढा वेळ आहे, ही माझ्या मते चांगली बातमी आहे.

बदल तुम्हाला नवा नाही. तुम्ही काम शिकलात तेव्हा मारुती ८०० चा कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल सोडणारी पद्धत, येत होतं. इंजिनाला कान लावून मिश्रण जुळवणारे जुने मिस्त्री तेव्हा म्हणाले, ‘आता कॉम्प्युटरच्या गाड्या आल्या, आपलं काम संपलं.’ एप्रिल २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे धुराचे कडक नियम, आले आणि मोटरसायकलींचंही तेच झालं. ज्यांनी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोष वाचणारं यंत्र, घेतला ते राहिले. त्याहून मागे जायचं तर दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल रेशनवर गेलं होतं, तेव्हा आपल्याकडे मागे भट्टी लावून कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवलेल्या आहेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ ला त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची एसटी सुरू झाली.

पत्रात एक गृहीतक मला खटकलं, ते म्हणजे तेलाला पर्याय म्हणजे बॅटरी आणि एवढंच. तुमच्या घरापासून थोड्या अंतरावर साखर कारखाना आहे, त्याच्या डिस्टिलरीतून निघालेलं इथेनॉल तुमच्याच गॅरेजमधल्या गाड्यांच्या टाकीत आहे! आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. ते कमी करायचं म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळणं वाढवत नेलं. २०२२ च्या जूनमध्ये १० टक्के झालं, २०२५ मध्ये २० टक्के. पंपावर जे ‘ई-२०’ लिहिलेलं दिसतं ते हेच.

आता यातलं गॅरेजच्या कामाचं काय? लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी. ‘अ‍ॅव्हरेज पडलं’ अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, आणि दर वेळी इंजेक्टर साफ करून ते अ‍ॅव्हरेज परत येणार नाही. दुसरं, इथेनॉल ओलावा ओढून घेतं. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली, टाकीत पाणी शिरलं, तर एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पंप नेमका तळातूनच ओढतो. जुन्या गाड्यांचे रबरी होस, सील, गॅस्केट हे इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते, तेही तपासावे लागतात. हे ज्याला रसायनाच्या अंगाने कळतं, तो मिस्त्री गिऱ्हाइकाला नीट समजावू शकतो. नुसतं ‘पेट्रोलात भेसळ आहे साहेब’ म्हणून सोडून देत नाही.

सीएनजीचंही तसंच. टायरमध्ये आपण सुमारे दोन बार दाबाने हवा भरतो, सीएनजीच्या टाकीत दाब २०० बार असतो. शंभरपट. म्हणूनच ती टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते आणि बाहेरून बसवलेल्या किटची आरसी बुकात नोंद लागते. त्या नोंदीशिवाय गाड्या फिरवणारे किती आहेत हे दादांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. हायड्रोजनबद्दल मुलं मला फार विचारतात. २०२२ मध्ये पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळांनी फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज करून, चालणारी बस दाखवली, काम चांगलं आहे. पण त्या भरवशावर आज दहावीच्या मुलाची शाखा ठरवू नका.

तुमच्या गावाबद्दल एक सांगतो, कदाचित मुलाला माहीत नसेल. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, ‘नारी’ म्हणतात ती, १९८० च्या दशकात गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचं काम झालं. विजेवर चालणाऱ्या सायकल-रिक्षेवरही तिथे काम झालंय, ई-रिक्षा रस्तोरस्ती दिसायच्या कितीतरी आधी. शिवाय कमिन्सचे इंजिनांचे कारखाने तुमच्या शेजारीच आहेत. पर्यायी इंधनं शिकायला पुण्याच्या क्लासला ८५ हजार देण्याआधी पोराला हे माहीत असू दे.

आता शाखा. माझं मत सरळ सांगतो, पटलं नाही तरी चालेल. त्याने ऑटोमोबाइल घेऊ नये, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करावा. ऑटोमोबाइल वाईट आहे असं नाही. पण त्या तीन वर्षांत गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, सस्पेन्शन यांतलं जे शिकवतात, त्यातलं बरंचसं हाताने शिकण्याची जागा त्याच्या घरातच आहे. बावीस वर्षांचा अनुभव असलेला शिक्षक रोज संध्याकाळी जेवायला शेजारी बसतो. घरात नाही ते आहे मोटर, तिला बॅटरीची वीज हवी तशी बदलून देणारा इन्व्हर्टर, सेन्सर, वायरिंगचा आराखडा, बॅटरीचं रसायन. कॉलेजकडून ते घ्यावं. इंधन पेट्रोल असो, ई-२० असो, सीएनजी असो की बॅटरी, प्रत्येक गाडीत आता सेन्सर आहेत, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) आहे आणि त्यांना जोडणारी वायरिंग आहे. दादांना विचारा, स्कॅनर दोष दाखवतो पण वायर नेमकी कुठे तुटली ते सापडत नाही म्हणून त्यांनी किती गाड्या ‘पुण्याला दाखवा’ म्हणून परत पाठवल्या. मामांनी सांगितलेलं कॉम्प्युटर मी नाकारतोय असंही नाही, पण ज्याला पान्हा हातात घेतल्यावर बरं वाटतं त्याला दिवसभर पडद्यासमोर का बसवायचं?

इथे एक कबुली देतो. १२-१३ वर्षांपूर्वी अशाच एका गॅरेजवाल्याच्या मुलाला मी अगदी उलट सल्ला दिला होता: ‘वडिलांचा धंदा आहे ना, मग ऑटोमोबाइलच कर.’ तो आज चांगलं कमावतो, पण भेटला की म्हणतो, ‘सर, मला घरचंच परत शिकायला पाठवलंत.’

प्रवेशासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची केंद्रीय फेरी असते. अर्जात आधी शासकीय तंत्रनिकेतनं टाका, कराड, अवसरी, पुणे, जिथे इलेक्ट्रिकल असेल तिथे. ७४ टक्क्यांना पुण्यात लागेलच असं नाही, म्हणून पसंतीक्रम लांब ठेवा. इलेक्ट्रिकल नाहीच मिळालं आणि मेकॅनिकल मिळालं तर घ्या, रडत बसू नका. गणिताची त्याला खरोखरच भीती वाटत असेल, तर आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तो सगळीकडे नाही, चौकशी करावी लागेल. डिप्लोमानंतर अप्रेंटिसशिप जरूर करावी, आणि हवं तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे इलेक्ट्रिक वाहनांवरचे कोर्स आहेत, व्हिडिओ फुकट. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात ते त्याला समजायला लागतील. रसायन आवडायला लागलं तर पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात, पण ती वाट बीएस्सीनंतरची आहे, आज तिचा विचार नको.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. आजूबाजूला ई-स्कूटर वाढतील, कुणीतरी पॅक घेऊन येईल आणि म्हणेल, ‘बघ रे उघडून.’ उघडायचा नाही. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या तेव्हा सरकारला बॅटरीचे सुरक्षा नियम कडक करावे लागले. कारच्या पॅकमध्ये तर ३००-४०० व्होल्ट डीसी असतो. नारिंगी रंगाची केबल, म्हणजे हा जास्त व्होल्टेज वाहणारी, दिसली की हात मागे. पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि ते रिकामे झाले की नाही हे मीटरने बघायचं असतं, अंदाजाने नाही. गॅरेजमध्ये आपण १२ व्होल्टच्या सवयीने वागतो, ठिणगी पडली तर हसतो. दादांच्या हातातलं कडं आणि बोटातली अंगठी मी न पाहताही सांगू शकतो की आहे. मुलाने ती सवय उचलू नये.

पाटल्या राहू द्या. ८५ हजारांऐवजी पाच-सात हजार खर्चून त्याला एक चांगला मल्टिमीटर घेऊन द्या, कॅट थ्री (हा मीटरवर छापलेला सुरक्षेचा दर्जा), १००० व्होल्टचा, रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा नको. कॉलेज सुरू होईपर्यंत गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीची १२ व्होल्टची बॅटरी त्याने बंद गाडीत, स्टार्टर मारताना आणि चालू इंजिनावर अशी तीनदा मोजायची आणि वहीत लिहायची. गाडीचा नंबर, व्होल्टेज, तक्रार काय होती. शंभर गाड्या झाल्या की ती वही मला पाठवा, दादांच्या शेऱ्यांसकट.