वायफायवर वेगळे पान, मोबाइल डेटावर खरे : डीएनएस कुठे बिघडला असावा

इतवारीतील दुकानाच्या वायफायवर बँकेचा पत्ता टाकला की प्रमाणपत्राचा (संकेतस्थळाच्या डिजिटल ओळखपत्राचा) इशारा येऊन थोडे निराळेच पान उघडते, मोबाइल डेटावर मात्र सारे सुरळीत चालते. तेव्हा राउटरमध्ये ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता टाकला की भागेल का, असे आपण विचारले आहे. या लक्षणांवरून पहिला संशय राउटरवरच जातो. नुसता तो आकडा बदलून मात्र भागणार नाही.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील आकडी पत्ता, शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. आपला संगणक हा पत्ता स्वतः शोधत नाही. राउटरने नेमून दिलेल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरला, तो विचारतो. रिझॉल्व्हरकडे उत्तर साठवलेले नसेल तर तो आधी रूट सर्व्हरकडे, मग डॉट इनच्या सर्व्हरकडे आणि शेवटी त्या डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरकडे जातो, आणि मिळालेले उत्तर ठरावीक मुदतीपर्यंत जपून ठेवतो. संगणकतज्ज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली तेव्हा उत्तराचा खरेपणा तपासण्याची सोय तीत नव्हती. त्यामुळे रिझॉल्व्हरच बदलून टाकणाऱ्याला बाकी काहीच फोडावे लागत नाही. २०११ मध्ये उघड झालेल्या डीएनएसचेंजर या घातक प्रोग्रामच्या प्रकरणात सुमारे ४० लाख संगणकांची हीच गत झाली होती.

रिझॉल्व्हर प्रामाणिक असला तरी त्याच्या साठ्यात खोटे उत्तर घुसवता येते, हे सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवून दिले. प्रत्येक प्रश्नाला जोडलेला क्रमांक ६५,५३६ पैकी एक असतो आणि तेवढे अंदाज संगणक झटपट बांधतो. म्हणून पुढे प्रश्न ज्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित दारातून, जातो तोही यादृच्छिक निवडला जाऊ लागला. डीएनएससेक ही डीएनएसची सुरक्षा-जोड उत्तरावर डिजिटल सही करते, पण डोमेनधारकाने ती सुरू केली असेल तरच. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आपला प्रश्न वाटेत कोणाला वाचू देत नाही. उत्तर देणाराच खोटा असेल तर त्याचा उपयोग नाही.

रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी आणलेले डॉट बँक डॉट इन हे डोमेन मिळत्याजुळत्या नावांच्या फसवणुकीवर चांगला उपाय आहे. आपल्या बाबतीत मात्र पत्त्याच्या पट्टीत नाव अगदी बरोबर दिसत असणार, कारण चुकीचा आहे तो त्यामागचा आयपी पत्ता. अशा वेळी प्रमाणपत्राचा इशारा हाच खरा पुरावा असतो, आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना लोक नेमका तोच ‘पुढे जा’ म्हणून उडवून लावतात.

राउटर मूळ स्थितीत आणून फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, ॲडमिनचा पासवर्ड बदला, बाहेरून हाताळण्याची सोय बंद करा आणि मगच डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरा. एखाद्या संगणकावर हाताने भरलेला डीएनएस पत्ता उरला आहे का, तेही पाहा. त्या पानावर पासवर्ड टाकून झाला असेल तर हे सारे नंतर. आधी मोबाइल डेटावरून तो बदला, बँकेला कळवा आणि पैसे गेले असल्यास लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.